बिस्फेनॉल ए आणि अन्नवेष्टनांचे नियमन

बिस्फेनॉल ए (संक्षेपाने बीपीए) हे एक कृत्रिम सेंद्रिय संयुग आहे. पॉलिकार्बोनेट हे कठीण व पारदर्शक प्लॅस्टिक आणि इपॉक्सी रेझिन यांच्या निर्मितीत त्याचा प्रामुख्याने वापर होतो. पॉलिकार्बोनेटपासून बाळांच्या दुधाच्या बाटल्या, पाण्याचे मोठे जार व साठवणीचे डबे तयार केले जात आले आहेत; तर इपॉक्सी रेझिनचा पातळ लेप खाद्यपदार्थांच्या पत्र्याच्या डब्यांना आतून दिला जातो. या वस्तूंमधून बीपीएचा सूक्ष्म अंश अन्नात उतरतो. शरीरात त्याची क्रिया इस्ट्रोजेन या संप्रेरकाशी मिळतीजुळती असल्याने अन्नवेष्टनांतील त्याच्या वापरावर अनेक देशांनी निर्बंध घातले आहेत.

अन्नवेष्टनातील रसायनांचे नियमन कसे चालते हे समजण्यासाठी बीपीएचे उदाहरण विशेष उपयुक्त ठरते. युरोपात २००६ साली ठरवलेली त्याची सह्य दैनिक मात्रा २०२३ सालापर्यंत अडीच लाख पटींनी कमी करण्यात आली. या काळात रसायन तेच राहिले. बदलले ते त्याच्याविषयीचे पुरावे आणि त्या पुराव्यांवरून धोका मोजण्याची पद्धत. परिणामी, युरोपीय संघाने डिसेंबर २०२४ मध्ये अन्नाच्या संपर्कात येणाऱ्या वस्तूंमध्ये बीपीए वापरण्यावर जवळपास संपूर्ण बंदी घातली. अमेरिकेच्या केंद्र शासनाचे नियम मात्र याहून बरेच मर्यादित आहेत.

रासायनिक स्वरूप व वापर

फिनॉलचे दोन रेणू आणि ॲसिटोनचा एक रेणू यांच्या अभिक्रियेतून बीपीए तयार होते. त्याच्या नावातील ‘ए’ हे अक्षर ॲसिटोनवरून आले आहे. बीपीएचे रेणू एकमेकांना साखळीने जोडले गेले की पॉलिकार्बोनेट बनते. हे प्लॅस्टिक काचेसारखे पारदर्शक असते, सहज फुटत नाही आणि उष्णताही बऱ्यापैकी सोसते. त्यामुळे १९५० च्या दशकानंतर अनेक ठिकाणी त्याने काचेची जागा घेतली.

पत्र्याच्या डब्यातील लेपाचे काम वेगळे असते. टोमॅटो, फळांचे गर, लोणची यांसारखे आम्लयुक्त पदार्थ धातूशी थेट संपर्कात आले तर पत्रा गंजतो आणि धातूचा अंश अन्नात मिसळतो. पत्र्याला छिद्र पडल्यास डब्यात जिवाणूंचा शिरकाव होऊन अन्न विषारी होऊ शकते. इपॉक्सी लेप हे टाळतो. म्हणजेच हा लेप अन्नसुरक्षेसाठीच वापरात आला. त्यामुळे योग्य पर्याय हाती नसताना तो काढून टाकणेही धोक्याचे ठरते.

इतिहास

रशियन रसायनशास्त्रज्ञ अलेक्सांद्र दियानिन यांनी १८९१ साली बीपीए प्रथम तयार केले. १९३६ साली ब्रिटिश जीवरसायनशास्त्रज्ञ एडवर्ड चार्ल्स डॉड्स आणि त्यांचे सहकारी विल्फ्रिड लॉसन यांनी त्याचा इस्ट्रोजेनसारखा गुणधर्म दाखवून दिला. डॉड्स त्या वेळी कृत्रिम इस्ट्रोजेनच्या शोधात होते. १९३८ साली त्यांच्या गटाला डायएथिलस्टिल्बेस्ट्रॉल हे कितीतरी अधिक प्रभावी संयुग मिळाल्याने औषध म्हणून बीपीए मागे पडले.

१९५३ साली जर्मनीतील बायर कंपनीचे हर्मन श्नेल आणि अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिकचे डॅनियल फॉक्स यांनी स्वतंत्रपणे पॉलिकार्बोनेटचा शोध लावला. बीपीएचा संप्रेरकसदृश गुणधर्म तोवर सतरा वर्षे ज्ञात होता. मात्र घट्ट बांधलेल्या साखळीतून ते बाहेर पडून अन्नात लक्षणीय प्रमाणात येईल असे तेव्हा मानले जात नव्हते.

या समजाला धक्का देणारे दोन महत्त्वाचे शोध प्रयोगशाळांत अनपेक्षितपणे लागले. १९९३ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातील डेव्हिड फेल्डमन आणि सहकाऱ्यांनी एका प्रयोगात आढळलेल्या इस्ट्रोजेनसदृश द्रव्याचा माग काढला. ते द्रव्य पेशींमधून आलेले नव्हते. पॉलिकार्बोनेटच्या चंबूंमध्ये पाणी भरून ते उच्च दाबाच्या वाफेने निर्जंतुक केले जात होते आणि त्या चंबूंमधूनच बीपीए पाण्यात उतरत होते. पुढे १९९८ साली अमेरिकेतील संशोधिका पॅट्रिशिया हंट यांना प्रयोगातील निरोगी उंदरांच्या अंडपेशींमध्ये गुणसूत्रांचे दोष एकाएकी वाढलेले दिसले. उंदरांचे पॉलिकार्बोनेटचे पिंजरे व पाण्याच्या बाटल्या चुकून तीव्र अल्कधर्मी द्रावणाने धुतल्या गेल्या होत्या. त्यामुळे प्लॅस्टिक झिजून बीपीए बाहेर पडत होते. हे निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध झाले.

अन्नात उतरण्याची प्रक्रिया

वेष्टनातील द्रव्य अन्नात जाण्याच्या क्रियेला स्थलांतर म्हणतात. बीपीएच्या बाबतीत ते दोन प्रकारे घडते. पहिल्या प्रकारात, निर्मितीच्या वेळी साखळीत न जोडले गेलेले मोकळे रेणू हळूहळू बाहेर येतात. दुसऱ्या प्रकारात उष्णता, अल्कधर्मी साबण किंवा दीर्घ वापर यांमुळे साखळीच तुटते आणि नवे रेणू मोकळे होतात. उकळते पाणी ओतणे, मायक्रोवेव्हमध्ये गरम करणे, ओरखडे पडलेले भांडे वापरत राहणे यांमुळे स्थलांतर वाढते. डबाबंद पदार्थ डब्यात भरल्यानंतरच उच्च तापमानाला निर्जंतुक केले जातात. त्यामुळे लेपातील बीपीएचा बराचसा अंश त्याच टप्प्यावर अन्नात उतरतो.

मानवी शरीरावर याचा किती परिणाम होतो हे काही साध्या प्रयोगांतून स्पष्ट झाले. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या हार्वर्डच्या अभ्यासात ७७ विद्यार्थ्यांनी आठवडाभर पॉलिकार्बोनेटच्या बाटल्यांतून थंड पेये घेतली. तेवढ्याने त्यांच्या लघवीतील बीपीएचे प्रमाण सुमारे दोन-तृतीयांशाने वाढले. २०११ सालच्या दुसऱ्या अभ्यासात ७५ व्यक्तींना पाच दिवस रोज एक वेळ डबाबंद सूप देण्यात आले. ताजे सूप घेतलेल्या दिवसांच्या तुलनेत त्यांच्या लघवीतील बीपीए दहा पटींहून अधिक भरले.

आरोग्यावरील परिणाम

पोटात गेलेल्या बीपीएचे यकृतात निष्क्रिय संयुगात रूपांतर होते आणि बहुतांश भाग एका दिवसाच्या आत लघवीवाटे बाहेर पडतो. ते शरीरात वर्षानुवर्षे साठत नाही. तरीही अमेरिकेत २००३-०४ साली सहा वर्षे व त्याहून अधिक वयाच्या २,५१७ व्यक्तींची तपासणी झाली, तेव्हा ९३ टक्के नमुन्यांत बीपीए आढळले. झपाट्याने बाहेर पडणारे द्रव्य जवळजवळ प्रत्येकाच्या शरीरात सापडणे याचा अर्थ ते दररोज नव्याने शरीरात जात आहे असा होतो.

संप्रेरके अत्यल्प मात्रेत काम करतात. म्हणून त्यांची नक्कल करणाऱ्या रसायनांचा परिणाम मुख्यतः वाढीच्या नाजूक टप्प्यांवर, म्हणजे गर्भावस्थेत, शैशवात व पौगंडावस्थेत होण्याची भीती असते. प्राण्यांवरील प्रयोगांत प्रजननसंस्था, स्तनग्रंथी, चयापचय आणि रोगप्रतिकारक यंत्रणा यांवर परिणाम नोंदवले गेले आहेत. मानवी लोकसंख्येच्या पाहण्यांत बीपीएचा मधुमेह, हृदयविकार व स्थूलता यांच्याशी संबंध आढळला आहे. मात्र अशा पाहण्यांवरून बीपीए हेच कारण आहे असे सिद्ध होत नाही. डबाबंद व प्रक्रिया केलेले अन्न जास्त खाणाऱ्यांमध्ये हे विकार इतर कारणांनीही संभवतात.

युरोपीय रसायन संस्थेने २०१७ साली बीपीएची अतिचिंताजनक पदार्थांच्या यादीत नोंद केली. प्रजननास घातक असणे आणि संप्रेरकांच्या कार्यात व्यत्यय आणणे ही दोन्ही कारणे त्यासाठी देण्यात आली.

सुरक्षित मर्यादा कशी ठरते

नियमांमध्ये दिलेली मर्यादा ही थेट प्रयोगातून मिळालेली संख्या नसते. ती काही गृहीतकांच्या साखळीतून काढलेली असते.

पहिल्या पायरीवर सह्य दैनिक मात्रा ठरते. आयुष्यभर रोज घेतली तरी अपाय होणार नाही असे मानले जाणारे, शरीराच्या प्रति किलोग्रॅम वजनामागचे हे प्रमाण असते. प्राण्यांवर अपाय न दिसलेली किंवा किमान अपाय दिसलेली मात्रा घेऊन तिला सुरक्षा-गुणकाने भागले जाते. दुसऱ्या पायरीवर या मात्रेचे अन्नातील प्रमाणात रूपांतर होते. त्यासाठी ६० किलोग्रॅम वजनाची व्यक्ती रोज संबंधित वेष्टनातील १ किलोग्रॅम अन्न खाते असे युरोपात गृहीत धरले जाते. तिसऱ्या पायरीवर, ते रसायन अन्नवेष्टनाखेरीज धूळ, पावतीचा कागद अशा इतर मार्गांनीही शरीरात जात असल्यास मात्रेचा काही हिस्साच वेष्टनासाठी राखला जातो.

युरोपात २००२ साली बीपीएची तात्पुरती सह्य मात्रा १० मायक्रोग्रॅम होती. तिला ६० ने गुणल्यावर प्रति किलोग्रॅम अन्नामागे ०.६ मिलिग्रॅम ही स्थलांतर मर्यादा मिळाली. २००६ साली युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने सह्य मात्रा वाढवून ५० मायक्रोग्रॅम केली. २०१५ साली ती ४ मायक्रोग्रॅमवर आणली गेली. या वेळी एकूण मात्रेचा केवळ २० टक्के भाग अन्नवेष्टनासाठी धरण्यात आला. चार गुणिले साठ म्हणजे २४० आणि त्याचे २० टक्के म्हणजे ४८ मायक्रोग्रॅम. त्यावरून २०१८ साली ०.०५ मिलिग्रॅम ही नवी मर्यादा लागू झाली.

एप्रिल २०२३ मध्ये प्राधिकरणाने सह्य मात्रा ०.२ नॅनोग्रॅम इतकी खाली आणली. उंदरांच्या रोगप्रतिकारक यंत्रणेतील एका प्रकारच्या टी-पेशींची संख्या अत्यल्प मात्रेतही वाढते, हा निष्कर्ष या निर्णयाचा मुख्य आधार होता. हीच आकडेमोड पुढे नेली तर अन्नातील मर्यादा प्रति किलोग्रॅम २.४ नॅनोग्रॅम येते. नंतरच्या युरोपीय नियमांत तपासणीसाठी गृहीत धरलेली शोधक्षमता प्रति किलोग्रॅम १ मायक्रोग्रॅम, म्हणजे याच्या चारशे पटींहून अधिक आहे. जी मर्यादा मोजून तपासता येत नाही ती कायद्यात लिहून उपयोग नसतो. अशा स्थितीत मर्यादा ठरवण्याऐवजी वापरच थांबवणे हा मार्ग उरतो.

या गृहीतकांचा आणखी एक दोष शिशूंच्या बाबतीत दिसतो. ६० किलोग्रॅमच्या व्यक्तीने १ किलोग्रॅम अन्न खाल्ले तर वजनाच्या प्रत्येक किलोमागे सुमारे १७ ग्रॅम अन्न होते. बाटलीने दूध पिणारे तान्हे मूल वजनाच्या प्रत्येक किलोमागे सुमारे १५० मिलिलिटर दूध घेते, म्हणजे जवळपास नऊ पट. प्रौढांसाठी पुरेशी असलेली मर्यादा बाळांसाठी अपुरी ठरते. अनेक देशांतील पहिले निर्बंध दुधाच्या बाटल्यांवर आले, त्यामागे हे एक कारण होते.

विविध देशांतील नियम

कॅनडा: दुधाच्या बाटल्यांतील बीपीएवर बंदी घालण्याचा निर्णय जाहीर करणारा कॅनडा हा पहिला देश होय. ही घोषणा ऑक्टोबर २००८ मध्ये झाली आणि बंदी २०१० साली अमलात आली. त्याच वर्षी बीपीएचा समावेश तेथील विषारी पदार्थांच्या यादीत करण्यात आला.

युरोपीय संघ: २०११ साली पॉलिकार्बोनेटच्या दूध-बाटल्यांचे उत्पादन १ मार्चपासून व विक्री १ जूनपासून बंद झाली. फ्रान्सने त्यापुढे जाऊन १ जानेवारी २०१५ पासून सर्व अन्नवेष्टनांत बीपीएला मनाई केली. १९ डिसेंबर २०२४ रोजी संमत झालेली संघाची नवी नियमावली २० जानेवारी २०२५ पासून लागू झाली. ती प्लॅस्टिक, लेप, छपाईची शाई, गोंद, रबर अशा सर्व संबंधित साहित्याला लागू आहे. बहुतेक वस्तूंसाठी १८ महिन्यांची, तर फळे, भाज्या व मासे टिकवण्याच्या डब्यांसारख्या काही वस्तूंसाठी ३६ महिन्यांची मुदत देण्यात आली. हा नियम आयात मालालाही लागू असल्याने कोकणातून डबाबंद आमरस पाठवणाऱ्या निर्यातदारांनाही, डब्याचे अस्तर बीपीएयुक्त असल्यास, ते बदलणे भाग आहे.

अमेरिका: १९५८ च्या अन्न मिश्रके दुरुस्ती कायद्यानुसार वेष्टनातून अन्नात उतरण्याची शक्यता असलेले द्रव्य हेही अन्नातील मिश्रक मानले जाते आणि त्याला वापरापूर्वी मान्यता लागते. अमेरिकी अन्न व औषध प्रशासनाने २०१२ साली दुधाच्या बाटल्या व लहान मुलांचे पेले यांतील, तर २०१३ साली शिशुआहाराच्या डब्यांच्या लेपातील बीपीएची मान्यता काढून घेतली. मात्र त्यासाठी दिलेले कारण सुरक्षिततेचे नव्हते. उत्पादकांनी तो वापर आधीच सोडला आहे, एवढाच आधार घेण्यात आला. अन्नातील सध्याच्या प्रमाणात बीपीए सुरक्षित आहे अशी प्रशासनाची भूमिका आहे.

भारत: शिशु दूध पर्याय, दूध-बाटल्या व शिशुआहार यांविषयीच्या १९९२ च्या कायद्यानुसार दूध-बाटल्यांना भारतीय मानक ब्यूरोचे मानकचिन्ह आवश्यक आहे. प्लॅस्टिकच्या दूध-बाटल्यांच्या २०१५ च्या सुधारित मानकात बीपीएला मनाई करण्यात आली. इतर वेष्टनांसाठी भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाची २०१८ ची वेष्टन नियमावली १ जुलै २०१९ पासून लागू आहे. तिच्यानुसार प्लॅस्टिकमधून अन्नात उतरणाऱ्या सर्व द्रव्यांचे एकत्रित प्रमाण प्रति किलोग्रॅम ६० मिलिग्रॅमपेक्षा अधिक असता कामा नये. याशिवाय बेरियम, कोबाल्ट, तांबे, लोह, लिथियम, मँगनीज, जस्त, अँटिमनी आणि एका थॅलेटसाठी स्वतंत्र मर्यादा दिल्या आहेत. बीपीएसाठी मात्र अशी स्वतंत्र मर्यादा नव्हती. ऑक्टोबर २०२५ मध्ये प्राधिकरणाने पॉलिकार्बोनेट व इपॉक्सी रेझिनपासून बनलेल्या अन्नसंपर्क वस्तू बीपीएमुक्त असाव्यात असा दुरुस्तीचा मसुदा हरकती व सूचनांसाठी प्रसिद्ध केला. महाराष्ट्रात अन्न सुरक्षा कायद्याची अंमलबजावणी राज्याचे अन्न व औषध प्रशासन करते.

पर्यायी रसायनांचा प्रश्न

बीपीएवरील निर्बंधांनंतर अनेक उत्पादकांनी बिस्फेनॉल एस व बिस्फेनॉल एफ यांचा आधार घेतला. या दोहोंची रेणूरचना बीपीएशी मिळतीजुळती असून त्यांतही संप्रेरकसदृश गुणधर्म आढळले आहेत. बिस्फेनॉल एस २०२३ साली युरोपच्या अतिचिंताजनक पदार्थांच्या यादीत समाविष्ट झाले. त्यामुळे ‘बीपीए-मुक्त’ या शिक्क्याचा अर्थ वस्तूत कोणतेही बिस्फेनॉल नाही असा होत नाही.

एकेका रसायनावर बंदी घातली की त्याचे भावंड बाजारात येते, हा अनुभव नियमनाच्या पद्धतीतही बदल घडवणारा ठरला. युरोपच्या २०२४ च्या नियमावलीत बीपीएबरोबर इतर घातक बिस्फेनॉलांनाही एक गट म्हणून आणले गेले आहे. डब्यांच्या लेपांसाठी ॲक्रिलिक, पॉलिएस्टर तसेच वनस्पतिजन्य तेल व राळ यांवर आधारित पर्याय वापरात आहेत. अतिआम्लयुक्त पदार्थांत मात्र त्यांचा टिकाऊपणा ही अडचण असते.

मतभेद व अंमलबजावणी

२०२३ ची युरोपीय मात्रा सर्वांनी स्वीकारलेली नाही. जर्मनीच्या जोखीम मूल्यमापन संस्थेने वेगळ्या विश्लेषणाद्वारे ०.२ मायक्रोग्रॅम, म्हणजे हजार पट अधिक मात्रा सह्य ठरवली. टी-पेशींची संख्या वाढणे हा प्रत्यक्ष अपाय मानावा की केवळ जैविक बदल, हा वादाचा मुख्य मुद्दा आहे. ही जर्मन मात्रा देखील २०१५ च्या युरोपीय मात्रेच्या विसाव्या हिश्श्याइतकीच आहे. म्हणजे मात्रा किती कमी करावी यावर मतभेद असले तरी ती कमी करावी याबाबत दोन्ही संस्थांचे एकमत आहे.

अंमलबजावणीचा प्रश्न वेगळा आहे. वेष्टनाचे नियम उत्पादकाने दिलेल्या अनुरूपतेच्या दाखल्यावर आणि नमुने तपासणाऱ्या प्रयोगशाळेवर अवलंबून असतात. उत्पादक ओळखता येतो तिथे ही पद्धत चालते. जुन्या, ओरखडे पडलेल्या, पुनःपुन्हा भरल्या जाणाऱ्या जारच्या बाबतीत ती कमकुवत पडते. भारतातील रस्त्यावरील खाद्यविक्रीत तर अनेकदा वेष्टन म्हणून रद्दीचा कागद वापरला जातो आणि त्याला असा दाखला असूच शकत नाही. म्हणूनच २०१८ च्या नियमावलीत वर्तमानपत्राबाबत मर्यादा न ठरवता, त्यात अन्न बांधण्यास सरळ मनाई करण्यात आली आहे.

वस्तूंची ओळख

प्लॅस्टिकच्या वस्तूंच्या तळाशी त्रिकोणात लिहिलेला अंक प्लॅस्टिकचा प्रकार सांगतो. पॉलिकार्बोनेट ‘७’ या अंकाखाली येते. परंतु हा अंक ‘इतर’ प्लॅस्टिकांसाठी असल्याने ७ अंक असलेली प्रत्येक वस्तू पॉलिकार्बोनेटचीच असते असे नाही. पाणी व शीतपेयांच्या एकदा वापरायच्या बाटल्या पेट (१) या प्लॅस्टिकच्या, तर जेवणाचे डबे सहसा पॉलिप्रॉपिलीनचे (५) असतात. या दोहोंच्या निर्मितीत बीपीए लागत नाही. पत्र्याच्या डब्याच्या लेपाचा प्रकार मात्र बाहेरून ओळखता येत नाही. पॉलिकार्बोनेटच्या भांड्यात अन्न गरम न करणे, त्यात उकळते द्रव न ओतणे आणि ओरखडे पडलेली भांडी वापरातून काढून टाकणे यांमुळे स्थलांतर कमी होते. गरम पदार्थांसाठी काच, चिनी माती किंवा स्टेनलेस स्टील यांत हा प्रश्न उद्भवत नाही.

हे सुद्धा पहा

अन्न सुरक्षा
इस्ट्रोजेन
पॉलिकार्बोनेट
भारतीय मानक ब्यूरो
भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरण